शंभरावा भाग झाला. आता पुढे काय?

पॉडकास्ट म्हणजे काय हे आपल्या हॉस्टेलमध्ये आता कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सकाळी बादली घेऊन नंबर लावताना कानात इअरफोन, मेसच्या रांगेत इअरफोन आणि सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल उतरवून काढतानाही इअरफोन! त्यात गाणी असतात, क्रिकेट असते आणि बऱ्याच जणांच्या कानात 'लीडरशिप'च्या मुलाखती असतात. कुणी कंपनीचा प्रमुख, कुणी निवृत्त सेनाधिकारी, कुणी स्टार्टअपवाला आपला अनुभव सांगत असतो.

अशी मालिका सुरू कशी करावी, माइक कुठला घ्यावा, नाव काय ठेवावे, यावर भरपूर लिहिले गेले आहे. परंतु जी मालिका पाच-सात वर्षे चालली आहे, जिचे शंभर-दोनशे भाग झाले आहेत, ती टिकवायची कशी आणि नुसती न टिकवता सुधारायची कशी, हा प्रश्न जास्त अवघड आहे. या लेखात त्याचाच अभ्यास करू. ज्यांना पॉडकास्ट काढायचा नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. फेस्टिव्हलमधले गेस्ट लेक्चर असो की माजी विद्यार्थ्यांची प्रकट मुलाखत असो, काम एकाच जातीचे आहे.

थोडा इतिहास

'पॉडकास्टिंग' हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने 'द गार्डियन'मधील लेखात प्रथम वापरला. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय दिली आणि त्याच वर्षी न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने 'पॉडकास्ट' हा वर्षाचा शब्द ठरवला. मागचे तंत्र साधे आहे. आरएसएस फीड नावाची एक यादी असते. तीत नव्या भागाचा पत्ता टाकला की श्रोत्याचे अ‍ॅप तो भाग आपोआप उचलते. म्हणजे कोणताही भाग कुणालाही काढता येतो. अडचण पुढच्या भागाची असते.

बाथटब कर्व्ह

आपल्याला रिलायबिलिटीमध्ये बाथटब कर्व्ह शिकवतात. यंत्र नवे असताना बिघाड जास्त, मग बरीच वर्षे कमी आणि शेवटी झीज सुरू झाली की पुन्हा जास्त. मुलाखतीच्या मालिकेचे नेमके तसेच होते. पहिल्या आठ-दहा भागांतच पुष्कळ मालिका गळतात. त्याला या क्षेत्रात 'पॉडफेड' असा शब्दच आहे. जी त्यातून वाचते ती काही वर्षे सुरळीत चालते. मग झिजेचा काळ येतो.

ही झीज फसवी असते, कारण भाग वेळेवर निघत असतात, पाहुणे मिळत असतात, आवाजही आधीपेक्षा चांगला झालेला असतो. परंतु घेणाऱ्याला आपले प्रश्न पाठ झालेले असतात आणि देणाऱ्याला आपली उत्तरे. बंद पडलेली मालिका दिसते तरी. चालू असून पोकळ झालेली मालिका दिसतसुद्धा नाही. म्हणून तिचे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स करावे लागते.

यात बिघडते कुणाचे?

कुणी म्हणेल, एवढे काय त्यात? नाही आवडले तर पुढचे लावावे. गाण्यांच्या बाबतीत ते ठीक आहे. नेतृत्वावरच्या मुलाखती मात्र विशीतला श्रोता सल्ला म्हणून ऐकतो. कॉलेज सोडावे का, नोकरीवर लाथ मारून धंदा करावा का, ग्रुप प्रोजेक्टमध्ये काम न करणाऱ्या मित्राशी कसे वागावे, असले निर्णय तो त्या आधारावर घेतो. आणि मुलाखतीला कोण येतो? जो जिंकला तो.

दुसऱ्या महायुद्धातली अब्राहम वॉल्ड या संख्याशास्त्रज्ञाची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके कुठे आहेत हे पाहून चिलखत कुठे लावायचे ते ठरवायचे होते. वॉल्डचा मुद्दा असा की जी विमाने परतलीच नाहीत त्यांचाही हिशेब धरला पाहिजे. परतलेल्या विमानांच्या ज्या भागावर भोके कमी आहेत, कदाचित तिथेच गोळी लागली म्हणून बाकीची परतली नाहीत. आपल्या मालिकेतले पाहुणे म्हणजे परत आलेली विमाने. 'मी धोका पत्करला म्हणून यशस्वी झालो' असे दहा पाहुणे सांगतात. तोच धोका पत्करून जे बुडाले ते स्टुडिओत येत नाहीत. घेणाऱ्याने हा तोल सांभाळला नाही, तर मालिका जितकी लांब चालेल तितका तिचा चुकीचा परिणाम साचत जाईल.

विशेषण नको, प्रसंग हवा

यावर पहिला उपाय म्हणजे प्रश्न बदलणे. मालिका जुनी झाली की लोक आधी लोगो बदलतात, मग संगीत बदलतात, मग नवा माइक आणतात. प्रश्न तेच राहतात.

चांगला प्रश्न काय काढून आणतो, याचे एक उदाहरण पाहू. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची २००८ मध्ये अमेरिकेतील व्हार्टन स्कूलच्या नियतकालिकाने मुलाखत घेतली. नेत्याने अपयश कसे हाताळावे, याचे स्वतःच्या अनुभवातले उदाहरण त्यांना विचारले गेले. 'अनुभवातले उदाहरण' हे दोन शब्द महत्त्वाचे. नुसते 'अपयशाविषयी काय वाटते' असे विचारले असते, तर उत्तरात एखादे सुविचारासारखे वाक्य मिळाले असते. इथे कलामांनी एसएलव्ही-३ ची हकिकत सांगितली.

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण झाले. कलाम प्रकल्प संचालक होते. उड्डाणाआधी संगणकाने काउंटडाउन थांबवला. तज्ज्ञांशी बोलून कलामांनी तो बाजूला सारून उड्डाणाचा निर्णय घेतला. पहिला टप्पा ठीक गेला, दुसऱ्यात बिघाड झाला आणि यान बंगालच्या उपसागरात पडले. पत्रकार परिषदेला इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः सामोरे गेले आणि जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली. पुढे १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा मात्र धवनांनी पत्रकारांशी बोलायला कलामांना पुढे केले.

आता पाहा, या हकिकतीत 'महान', 'प्रेरणादायी' असले एकही विशेषण लागत नाही. निर्णय कुणाचा होता, कोणत्या क्षणी घेतला, नंतर माइकसमोर कोण बसले, एवढेच आहे. तरीही वरिष्ठाने कसे वागावे ते कळते. शिवाय संगणकाने थांबा म्हटले असताना पुढे जाणे बरोबर होते का, हा वाद रात्री दोनपर्यंत घालता येईल असा मसाला त्यात आहे. चांगल्या भागाची हीच खूण. ऐकणाऱ्याला स्वतः विचार करायला काहीतरी उरते.

म्हणून आपल्या नेहमीच्या प्रश्नांची एकदा झडती घ्यावी. खाली काही जोड्या दिल्या आहेत.

ढोबळ: चांगल्या नेत्याचे गुण कोणते?
नेमका: हाताखालच्या माणसाचे ऐकून तुम्ही स्वतःचा निर्णय फिरवला, असे शेवटचे कधी झाले?

ढोबळ: अपयशाकडे तुम्ही कसे पाहता?
नेमका: जो प्रकल्प बंद करावा लागला, तो बंद करायचे कोणत्या दिवशी ठरले? टीमला ते कुणी सांगितले?

ढोबळ: टीमला मोटिव्हेट कसे करता?
नेमका: एखादा उत्तम माणूस सोडून गेला तेव्हा त्याने शेवटच्या बोलण्यात काय कारण सांगितले?

ढोबळ: तरुणांना काय संदेश द्याल?
नेमका: पंचविसाव्या वर्षी ठामपणे मानत होता आणि आज मानत नाही, असे काय आहे?

शेवटच्या जोडीसारखा प्रश्न अमेरिकेतले डेव्ह स्टाहोविआक आपल्या 'कोचिंग फॉर लीडर्स' या मालिकेत पाहुण्यांना शेवटी विचारतात. ही मालिका २०११ पासून चालू आहे. पाहुणा आपले पुस्तक पाठ करून आलेला असला, तरी 'तुमचे मत कशाबद्दल बदलले' या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर सहसा नसते.

दुसरा प्रश्न हाच खरा प्रश्न

ओरलला एक्स्टर्नल पहिला प्रश्न विचारतात तेव्हा आपण घडाघडा बोलतो. घाम फुटतो तो 'का?' म्हटल्यावर. मुलाखतीतही तेच. पहिला प्रश्न कागदावरचा असतो, दुसरा ऐकून सुचलेला. 'मग काय झाले?', 'त्या खोलीत आणखी कोण होते?', 'तुमच्या विरुद्ध कोण बोलले?' असे छोटे प्रश्न मोठ्या प्रश्नापेक्षा जास्त काम करतात. शंभर भाग झालेला मुलाखतकार पुष्कळदा इथेच कमी पडतो, कारण पाहुणा बोलत असताना तो कागदावरचा पुढचा प्रश्न वाचत असतो. उपाय सोपा आहे. प्रश्न वीस न लिहिता सात लिहावेत. उत्तर संपल्यावर दोन-तीन सेकंद गप्प राहावे. पुष्कळदा पाहुणा त्या शांततेत खरे ते सांगून टाकतो.

नेमके विचारायचे म्हणजे टोचायचे असे नव्हे, बरं का! अमेरिकन रेडिओवर 'फ्रेश एअर' हा कार्यक्रम अनेक दशके करणाऱ्या टेरी ग्रोस पाहुण्याला सुरुवातीलाच सांगून ठेवतात की एखादा प्रश्न फार खासगी वाटला तर तसे सांगा, मी पुढे जाईन. दार उघडे आहे हे कळले की माणूस उलट जास्त मोकळा होतो. आपल्याकडे पाहुणे वयाने आणि मानाने मोठे असतात, 'सर, हे विचारू का?' म्हणताना जीभ अडखळते. त्यांच्यासाठी हा तोडगा फार उपयोगी आहे.

काय बदलू नये

सुधारणा म्हणजे सगळेच बदलणे नव्हे. बीबीसीचा 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा मुलाखतीचा कार्यक्रम २९ जानेवारी १९४२ रोजी रॉय प्लॉम्ली यांनी सुरू केला. निर्जन बेटावर जायचे असेल तर कोणत्या आठ रेकॉर्ड्स, कोणते एक पुस्तक आणि कोणती एक चैनीची वस्तू न्याल, एवढाच साचा. प्लॉम्लींनंतर मायकेल पार्किन्सन, स्यू लॉली, कर्स्टी यंग आणि २०१८ पासून लॉरेन लॅव्हर्न असे सूत्रसंचालक बदलत गेले. साचा तोच राहिला. कारण तो साचा माणसाला बोलते करतो. गाणे निवडायला सांगितले की पाहुणा आपोआप आई, गाव, पहिली नोकरी यांवर येतो.

नियमितपणाचे उदाहरण रस रॉबर्ट्स या अर्थतज्ज्ञांचे. त्यांचा 'इकॉनटॉक' २००६ पासून दर सोमवारी निघतो. २०२१ मध्ये ते अमेरिका सोडून जेरुसलेमच्या शालेम कॉलेजचे अध्यक्ष झाले. नोकरी बदलली, देश बदलला, सोमवार बदलला नाही. वर्षाच्या शेवटी आवडते भाग कोणते हे ते श्रोत्यांना विचारतात.

उलट मुंबईचे अमित वर्मा यांचा 'द सीन अँड द अनसीन' पाहा. जानेवारी २०१७ मध्ये छोट्या भागांनी सुरू झालेली ही मालिका पुढे अनेक तासांच्या गप्पांवर गेली. कमी वेळात विषय वरवरचा राहतो असे जाणवले की लांबी बदलायला हरकत नाही. सारांश काय, तर वार आणि साचा ही श्रोत्याला दिलेली कबुली असते, ती सांभाळावी. लांबी, प्रश्न आणि पाहुणे मात्र हलते ठेवावेत.

पाहुणे संपत नाहीत

'आता नवे कुणी उरले नाही' ही जुन्या मालिकांची नेहमीची तक्रार. अ‍ॅडम ब्रायंट यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये 'कॉर्नर ऑफिस' हे सदर २००९ ते २०१७ चालवले आणि ५२५ कंपनीप्रमुखांच्या मुलाखती घेतल्या. त्यांची युक्ती अशी की कंपनीच्या धंद्याबद्दल विचारायचेच नाही. माणसे कशी निवडता, पहिल्यांदा कुणाचे वरिष्ठ झालात तेव्हा काय चुकले, आई-वडिलांकडून काय घेतले, हे विचारायचे. धंद्यावर बोलणारे ५२५ लोक एकसारखे वाटले असते. माणसावर आल्यावर प्रत्येकाकडे वेगळे काही निघाले.

आपल्यासाठी आणखी तीन वाटा सुचवतो. एक, ज्यांना पदाचा रुबाब नाही पण माणसे सांभाळावी लागतात असे लोक: वर्कशॉपचे फोरमन, बांधकामावरचे मुकादम, सरकारी दवाखान्यातल्या मुख्य परिचारिका, मेस चालवणाऱ्या मावशी. चारशे पोरांचे जेवण गॅस संपलेल्या दिवशी कसे निघाले, हा नेतृत्वाचाच धडा आहे. दोन, ज्यांचा प्रयत्न फसला असे लोक. त्यांना सन्मानाने बोलवावे आणि काय प्रसिद्ध करायचे त्यात त्यांचा शब्द शेवटचा मानावा. तीन, जुने पाहुणे. पाच वर्षांपूर्वीचे त्यांचे म्हणणे त्यांनाच ऐकवावे आणि 'आजही हेच म्हणाल का?' असे विचारावे. जुन्या मालिकेकडेच हे भांडवल असते. कालची मालिका हे करू शकत नाही.

ओपन लूप नको

कंट्रोल सिस्टिममध्ये आउटपुट मोजून परत इनपुटला जोडले नाही तर सिस्टिम भरकटते. मालिकेचेही तसेच. डाउनलोडचा आकडा हा कच्चा फीडबॅक आहे. उतरवलेले सगळेच ऐकले जाते असे नाही, हे आपल्या ई-बुक्सच्या फोल्डरवरून कुणालाही पटेल.

दर दहाव्या भागाला घेणाऱ्याने आणि टीममधल्या आणखी एकाने तो भाग पुन्हा ऐकून कागदावर चार गोष्टी मांडाव्यात. घेणारा एकूण किती मिनिटे बोलला? पहिला खराखुरा प्रसंग कितव्या मिनिटाला आला? ऐकून सुचलेले प्रश्न किती होते? 'अप्रतिम', 'खूपच छान' किती वेळा म्हटले गेले? पहिला प्रसंग पंधराव्या मिनिटाला येत असेल, तर आधीची ओळख आणि स्तुती कापावी. स्वतःचा आवाज ऐकणे सुरुवातीला असह्य होते, पण याला दुसरा उपाय नाही.

दुसरे म्हणजे पाच ठरलेले श्रोते धरावेत, शक्यतो आपले जिगरी दोस्त नसलेले. त्यांना 'आवडला का?' असे विचारू नये, सगळे हो म्हणतात. दोन दिवसांनी मेसमध्ये गाठून 'त्यातले काय आठवते?' असे विचारावे. काहीच आठवत नसेल तर तेच उत्तर समजावे.

आवाज आणि कपाट

तंत्राबद्दल थोडक्यात. महागड्या माइकपेक्षा खोली महत्त्वाची. गाद्या, रजया आणि कपड्यांनी भरलेली हॉस्टेलची खोली रिकाम्या सेमिनार हॉलपेक्षा बरी, कारण घुमत नाही. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्यावा, म्हणजे एकाचा खोकला दुसऱ्याच्या वाक्याला मारत नाही. सर्व भागांची आवाजाची पातळी एकसारखी ठेवावी. अ‍ॅपलची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या आसपासची आहे.

मूळ रेकॉर्डिंग पुसू नये. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो असा एक तास सुमारे ३१८ एमबी होतो. दोन ट्रॅकचे शंभर तास म्हणजे ६४ जीबीच्या आत. एका साध्या हार्ड डिस्कवर मावते, दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. फीड कुठल्या एका अ‍ॅपच्या भरवशावर ठेवू नये. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झाले. ज्यांची फीड स्वतःच्या ताब्यात होती त्यांची मालिका दुसऱ्या अ‍ॅपवर तशीच ऐकू येत राहिली.

बॅच जाते, मालिका राहावी

कॉलेजमधल्या कुठल्याही उपक्रमाचा खरा शत्रू म्हणजे कॉन्व्होकेशन. ज्याच्या खांद्यावर काम तोच जुलैत नोकरीवर रुजू होतो. पासवर्ड त्याच्या खासगी मेलवर, पाहुण्यांचे नंबर त्याच्या मोबाइलमध्ये आणि 'कसे करायचे' ते त्याच्या डोक्यात. म्हणून खाते उपक्रमाच्या नावाने काढावे, त्याची किल्ली प्रभारी सरांकडेही असावी. पाहुण्याला पहिले पत्र, आदल्या दिवशीचा फोन, रेकॉर्डिंग, संपादन, आभार, अशी सगळी पद्धत चार पानांत लिहून ठेवावी. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने निदान दोन भाग सीनियर खोलीत बसलेला असताना घ्यावेत, आणि सीनियरने मध्ये बोलू नये! नवा घेणारा वेगळ्या पद्धतीने विचारेल. विचारू द्यावे. 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' इतकी वर्षे टिकला त्यात हेही एक कारण आहे.

आणि थकवा आला तर थांबावे, पण सांगून थांबावे. परीक्षेच्या काळात सहा आठवडे भाग नाही, अमुक तारखेला परत, असे जाहीर करून घेतलेली सुट्टी श्रोते समजून घेतात. न सांगता गायब झालेल्या मालिकेकडे ते परत येतीलच असे नाही.

शेवटी एवढेच. नेतृत्वावरची मालिका चालवणे हेही नेतृत्वच आहे. ज्या गोष्टी आपण पाहुण्यांना विचारतो, म्हणजे टीम कशी टिकवली, टीका कशी ऐकली, खुर्ची कधी सोडली, त्यांची उत्तरे आपल्यालाही द्यावी लागतात. तेव्हा पुढच्या भागाच्या आधी मागचा एक भाग काढा, कागद-पेन घ्या आणि शेवटपर्यंत ऐका. १.५ च्या स्पीडने नाही हं, साध्या स्पीडने!